नाकवाला ट्रक आणि कानसेन

त्याला सगळे कानसेन म्हणत. तानसेन होता आलं नाही तर माणसाने निदान कानसेन व्हावं, असं म्हणतात खरं, पण ते गाणं ऐकणाऱ्यांसाठी. हा इंजिन ऐकायचा. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग इंजिन जणू त्याच्याजवळ चहाड्या करत असे. हे नोझल थुंकतंय, ही टॅपेट सैल आहे, खालची बेअरिंग उन्हाळा काढणार नाही. कुणी जुना ट्रक घ्यायला निघालं की आधी बायकोला विचारी आणि मग कानसेनला. काहीजण हा क्रम उलटाही ठेवत.

अशा या माणसावर आता स्वतःसाठी ट्रक घ्यायची वेळ आली होती. आयुष्यभर दुसऱ्याचा ट्रेलर ओढला. मालकाने आता सगळ्या नव्या गाड्या आणल्या. त्या बिघडल्या की आधी लॅपटॉपवाला येतो, तो पडद्याकडे बघून मान हलवतो आणि जातो. कानसेनला त्या गाड्यांचं काही वावडं नव्हतं, पण त्या त्याच्याशी बोलत नसत. त्याने ठरवलं, आता स्वतःची गाडी घ्यायची, जुनी घ्यायची आणि साध्या पंपाच्या इंजिनाची घ्यायची. जो बिघाड ऐकू येतो तो दुरुस्त करता येतो, हे त्याचं आवडतं वाक्य होतं. आयुष्यभराची शिल्लक एका इंजिनावर लावायची होती. ते इंजिन खोटं निघालं असतं तर दुसरं घ्यायला ना पैसा होता, ना वय.

आणि नेमका कान गेला होता.

खिडकीकडचा कान आधी गेला. इतकी वर्षं त्याच कानावर वारा आणि हॉर्न आदळत आले होते, त्याचाही दोष नव्हता. पहिल्यांदा इंडिकेटरची टिकटिक गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग मागून मारलेल्या हाका. दुसरा कानही हळूहळू त्याच वाटेने निघाला होता. एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची जी सोय संसारी माणसाला असते, तीसुद्धा कानसेनला उरली नव्हती. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी इंजिन ऐकायला बोलावलं की त्याची कंबर दुखायला लागे, नाहीतर नेमकं भाडं लागलेलं असे. बायकोला तर त्याने मुळीच कळू दिलं नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि तिच्या हाताखालून अर्ध्या गल्लीचे कपडे जात. लग्न झालं तेव्हा कानसेन महिन्यातले चार दिवस घरी असायचा. वाटेतून फोन करायचा, पण फोनवर काय बोलावं हे त्याला कधी सुचलं नाही. जेवलीस का, झोपलीस का, इतकं झालं की गाडी अडायची. मग तो फोन इंजिनाजवळ धरायचा आणि म्हणायचा, ऐक. दुसरी एखादी भांडली असती. हिने ऐकलं. वर्षानुवर्षं ऐकलं. नवऱ्याची खुशाली तिला इंजिनाच्या आवाजावरून कळायला लागली. आता लेक नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेली होती आणि बायकोने जाहीर केलं होतं की नवा ट्रक आला की मीही बरोबर येणार, घरात बसून मला काय भिंतींना टाके घालायचेत?

म्हणून ट्रक बघायलाही ती आली. कानसेनने वाटणी करून टाकली, इंजिन मी बघणार, केबिन तू बघ.

जुन्या गाड्यांचा जो दलाल होता त्याला सगळे मामा म्हणत, आणि तो मात्र गिऱ्हाइकालाच मामा बनवायचा. त्याच्या आवारात तीन गाड्या विकाऊ होत्या. पहिली लालभडक, रंग अजून ओला वाटावा अशी. वरून कीर्तन, आतून तमाशा. कानसेनने बोनेट उघडायच्या आधी लोखंडावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. इंजिन कोमट होतं. गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवली, म्हणजे गार असताना ती काय तमाशा करते ते लपवायचं होतं. मामा म्हणाला, सकाळी जरा जागेवरून हलवली होती. कानसेन म्हणाला, हलवली असेल, आणि पुढे गेला. दुसरीच्या खाली तो पाठीवर सरपटत गेला. मधल्या लोखंडी तुळईच्या दोन पट्ट्यांमध्ये गंज फुगून पापुद्रे सुटले होते. इंजिन बदलता येतं, मिस्त्री म्हणतात तसं हृदय बदलता येतं, पण कणा कोण बदलणार?

तिसरी निळी होती. लांब नाकाची, जुन्या घडणीची, दिव्यांच्या काचा पिवळट झालेल्या. कानसेनला ती बघताक्षणी आवडली आणि म्हणूनच तो सावध झाला. बायको वर केबिनमध्ये चढली. मागची झोपायची फळी तिने दाबून पाहिली, गादीची शिवण तपासली, पडद्याला नाक लावून वास घेतला आणि खिडकीतून मान काढून सांगितलं की गादी उसवलीये पण स्पंज चांगला आहे, पडदे मी शिवीन. कानसेनला तिचे ओठ दिसले, त्यावरून त्याने जुळवलं.

त्याने खालून सगळं बघितलं. कणा ठणठणीत. पाण्यावर तेलाचा तवंग नाही. इंजिन गार, अगदी दगडासारखं. मामा केबिनमध्ये बसला, बायको खाली उतरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पांढरा धूर आला आणि गेला. कानसेनने तेलाचं झाकण काढून तिथेच तोंडावर उलटं ठेवलं, ते नाचलं नाही, म्हणजे आतला दाब गळत नव्हता. नाकाने, डोळ्यांनी, बोटांनी जे जे कळण्यासारखं होतं ते सगळं चांगलं होतं.

आता ऐकायचं राहिलं.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ बऱ्या कानामागे लावली, डोळे मिटले. आतून एक लांबलचक, मऊ घरघर आली. सुरेख. पण गेली दोन वर्षं त्याला प्रत्येक इंजिन असंच सुरेख वाटत होतं. मालकाच्या गाडीचा पंप फुटला त्या दिवशीसुद्धा सुरेखच वाटत होतं. तो वाकूनच उभा राहिला. हो म्हणावं तर डोळे झाकून विहिरीत उडी, नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार. मामा काचेतून कौतुकाने बघत होता. उघडलेलं बोनेट मध्ये आडवं येत होतं, त्यामुळे त्याला कडेने फक्त कानसेनचं डोकं दिसत होतं.

तेवढ्यात पाठीवर हात पडला. बायकोचा. कानसेन दचकलाच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घराबाहेर तिने त्याला कधी बोट लावलं नव्हतं, आणि आज या तेलकट आवारात हे काय सुचलं हिला? तो खांदा झटकणार होता. मग लक्षात आलं की तिचं एक बोट हलतंय. टुक टुक टुक टुक, झपाझप, एका मापात. मशीनच्या सुईसारखं, न थकता.

त्याने एक्सिलरेटरची सळई हाताने ओढली. इंजिनाचा वेग वाढला, बोटाचाही वाढला. सोडली, बोट मंदावलं. तेव्हा त्याला कळलं. इंजिनात कुठेतरी ठोका होता, तो तिला ऐकू येत होता, आणि ती तो त्याच्या पाठीवर वाजवत होती. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त हायसं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला एखाद्या इंजिनाविषयी खरं काहीतरी कळत होतं.

पण ठोका कसला? हलका असेल तर नोझलचा, म्हणजे अर्ध्या तासाचं काम. जड असेल तर खालच्या बेअरिंगचा, म्हणजे सगळं इंजिन उघडा. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. आधी लोखंडी जाळीवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक वाजवलं, मग मूठ आपटली, आणि भुवया उडवल्या. ती क्षणभर ऐकत राहिली. मग तिने नख दाखवलं आणि नखानेच त्याच्या खांद्यावर टकटक केली. हलका.

कानसेनने पाना घेतला. डिझेलच्या सहा नळ्या सहा नोझलांकडे जात होत्या. एकेका नळीचा नट जरासा सैल करायचा, म्हणजे तेवढं एक सिलिंडर उपाशी राहतं आणि त्याची कुरकूर बंद होते. पहिला नट. बोट चालूच. दुसरा, तिसरा. चालूच. चौथा नट सैल केला, डिझेलचा फवारा मनगटावर उडाला आणि पाठीवरचं बोट थांबलं. नट आवळला, बोट सुरू. पुन्हा सैल केला, बंद. त्याने खात्रीसाठी तिसऱ्यांदा केलं. तिने त्याला हळूच चिमटा काढला, म्हणजे आता पुरे.

गाडी बंद करून त्याने मामाला चौथं नोझल बदलायला सांगितलं. मामाने नेहमीप्रमाणे कुरकुर केली, मग आवाराच्या मागे पडलेल्या एका मोडक्या गाडीचं काढून आणलं. ते बसवून इंजिन पुन्हा सुरू केलं. कानसेन वाकला. बायकोचा हात पाठीवर आला. बोट हललं नाही. इंजिन चालत राहिलं, बोट तसंच राहिलं, आणि हात उचलायची घाई दोघांपैकी कुणालाच नव्हती.

मामा खाली उतरला तो हात जोडूनच. एवढी वर्षं हा धंदा करतोय, म्हणाला, ही गाडी दहाजणांनी बघितली, एकालाही चौथं नोझल सापडलं नाही. मग त्याने कानसेनचा हात धरून त्याला सावलीत नेलं. दर रविवारी इथे येऊन बसा, म्हणाला, माझ्या गाड्या ऐका, तुम्ही मान हलवलीत की गिऱ्हाईक डोळे मिटून घेईल.

कानसेनला ते फार गोड लागलं. खोटं कशाला बोला? ट्रक मिळत होता, मान मिळत होता, आणि मूठ अजून झाकलेली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती रुमालाने बोटांचं तेल पुसत होती आणि मुद्दामच दुसरीकडे बघत होती. त्याने ठरवलं असतं तर तिने ती मूठ आणखी कितीही वर्षं झाकून ठेवली असती, आपला हात वरून घालून. पण दर रविवारी कुणीतरी आपल्यासारखाच, आयुष्यभराची शिल्लक घेऊन, आपल्या मानेकडे बघत उभा राहणार, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं.

"मामा," तो म्हणाला, "ठोका मी ऐकला नाही. हिने ऐकला. माझा एक कान गेलाय, दुसरा जायच्या बेतात आहे."

मामा हसला. कानसेन हसला नाही, तसा मामाही थांबला. मग त्याने बायकोकडे नव्याने बघितलं आणि विचारलं, मग वहिनींना रविवारी वेळ असेल का? वहिनींनी सांगितलं की रविवारी त्या गाडीवर असतील, नवऱ्याबरोबर.

निळी गाडी घेऊन दोघं निघाली. आवार मागे पडलं, मोठा रस्ता लागला. मग बायको त्याच्या बऱ्या कानाशी वाकली.

"चारचौघांत सांगायची काय गरज होती? मी सांभाळलं होतं ना."

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही भांडायचं सोडलंत तेव्हा," ती म्हणाली. "काहीही बोललं की नुसतं बरं म्हणायचा. मी एकदा म्हटलं, मी माहेरी जाते आणि परत येत नाही. तुम्ही म्हणालात, बरं."

कानसेनने समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. त्याचे कान, जे काही उरले होते ते, लाल झाले. एवढी वर्षं आपण जगाची इंजिनं ऐकत फिरलो आणि घरातलं हे माणूस एकटंच बोलत राहिलं, असं त्याला वाटलं, आणि वाईट वाटलं.

"पहिलं भाडं घ्यायच्या आधी," ती म्हणाली, "कानाच्या डॉक्टरकडे जायचं. तो मशीन लाव म्हणाला तर मशीन लावायचं. लोक काय म्हणतील ते चालणार नाही."

"बरं," कानसेन म्हणाला.

तिने सुस्कारा सोडला, त्याच्या कानाशी आणखी जवळ सरकली आणि तेच सगळं पहिल्यापासून, मोठ्याने सांगायला लागली.

"अगं, ऐकलं मी," तो म्हणाला. "ऐकूनच म्हणालो."