चोविसावी पाचर

मी एक जुनी पाचर आहे, मित्रांनो. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळती. लांबी तुमच्या करंगळीएवढी. पण अभिमान विचाराल तर खोलीत मावणार नाही!

आमच्या मिस्त्रींनी मला उरलेल्या लाकडातून कापलं, तासलं आणि तेवीस बहिणींबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवलं. लाकडी जमीन बसवताना भिंत आणि फळी यांच्यात बोटभर फट राखायची, हे आमचं काम. हवा दमट झाली की लाकूड फुगतं. त्याला अंग पसरायला जागा नको का? काम झालं की आम्ही बाहेर, आणि फटीवर लाकडी पट्टी. आमची सेवा कुणाला दिसत नाही. देव तरी कुठं दिसतो? पण सांभाळतोच ना!

एका घरी आजोबा होते. गुळगुळीत फरशीवर दोनदा पडल्यापासून भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकत नसत. म्हणून मुलानं लाकडी जमीन करायची ठरवली. मिस्त्रींनी नमुने आणले: वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. मुलाला चकचकीत फळी आवडली. आजोबांनी मोजे काढले, एकेका नमुन्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "ती तुझ्या डोळ्यांना बरी. माझ्या पायांना ही खरखरीत." तीच ठरली.

फळ्यांची खोकी आधी दोन दिवस खोलीत नुसती ठेवली, तिथल्या हवेला सरावावीत म्हणून. मुलाला कुठला धीर! "मिस्त्री, खोक्यांचा पाहुणचार झाला असेल तर काम सुरू करा की!"

चौथ्या दिवशी पट्ट्याही ठोकून झाल्या. मिस्त्रींनी डबा मोजला. तेवीस! मी आतच राहिले होते.

मिस्त्रींनी पटाशी उचलली. मुलगा धावत आला.

"अहो, आत्ताच बसवलेली पट्टी उचकटताय काय?"

"एक पाचर आत राहिलीय, दादा."

"राहू द्या! नखाएवढं लाकूड, कुणाला दिसणारेय?"

"दिसणार नाही. पण फळ्या तिथं अडतील, मधोमध फुगवटा येईल. आजोबांचा पाय नेमका त्यालाच लागेल."

"उचकटू दे रे त्यांना," आजोबा दारातून म्हणाले. "मला पुन्हा पडायची हौस नाही."

पहिल्या पट्टीमागे मी नव्हते. दुसरीमागेही नाही. तिसरी निघाली तेव्हा मिस्त्री हसले, "इथं लपलीस होय, बाई!" मित्रांनो, आपल्याला कुणी असं शोधावं, याहून मोठं भाग्य कोणतं?

पट्ट्या पुन्हा बसल्या. मग आजोबांनी भिंतीवरचा हात काढला. अनवाणी खिडकीपर्यंत गेले आणि परतही आले. मी मिस्त्रींच्या मुठीत होते. ती मूठ किती घट्ट आवळली होती, ते मलाच ठाऊक.

आता माझ्या कडा झिजल्या आहेत. हल्ली प्लास्टिकचे तुकडे मिळतात, आमचा डबा क्वचितच उघडतो. वाईट वाटतं थोडं. खोटं कशाला बोलू?

तुमच्या घरी अशी जमीन असेल, तर सांडलेलं पाणी लगेच टिपा, पट्टीमागची फट बुजवू नका. आणि कुणी कारागीर झालेलं काम पुन्हा उकलू लागला, तर त्याच्यामागे घाई लावू नका. त्याला पाणी विचारा, आणि शोधू द्या.