दहातली चार मिनिटं

आमच्या थोरलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या घरी प्लाझ्मा कटर आला. एकामुळे दुसरं आलं, म्हणून वर्ष पक्कं लक्षात आहे.

थोरली बाळंतपणाला आली ती मागच्या खोलीत राहिली. त्या खोलीच्या भिंतीला लागूनच ह्यांची शेड. हे बॉयलरच्या कारखान्यात अडतीस वर्षं गॅस कटर होते. निवृत्त झाल्यावर घरीच लोखंडी दारं, कठडे, खिडक्यांच्या जाळ्या करायचे. शेडमध्ये भिंतीला साखळीने बांधलेले दोन सिलिंडर उभे असत, एक ऑक्सिजनचा आणि एक गॅसचा.

बाळं दहा दिवसांची झाली तशी थोरली शेडच्या दारात येऊन उभी राहिली. एक मूल ह्या खांद्यावर, एक त्या.

"बाबा, ह्या भिंतीपाशी एक तर तुमची जुळी राहतील, नाही तर माझी."

"माझी रात्रभर रडत तरी नाहीत," हे म्हणाले.

"तुमची एकदाच रडतील आणि घर राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी हे हातगाडी आणून सिलिंडर एजन्सीत परत देऊन आले.

दातांच्या डॉक्टरांच्या जिन्याचा कठडा अर्धा झालेला होता. हे म्हणाले, हातकरवतीने कापतो. सकाळभर कापलं आणि दुपारी खांदा धरून बसले. मग काम बंद. रिकामा माणूस बायकोच्या कामात लुडबुड करतो. मी पुढच्या खोलीत शिवणकाम करते. ह्यांनी आठवड्यात तीनदा माझ्या मशीनला तेल घातलं. तिसऱ्यांदा घातलेलं तेल एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर उतरलं.

"तुम्ही माझ्या मशीनला तेल घालू नका," मी म्हटलं. "तुमचं काहीतरी बघा."

"माझं काय उरलंय बघायला?" हे म्हणाले. ते चिडून म्हणाले असते तर मला चाललं असतं. अगदी साधेपणाने म्हणाले, ते मला लागलं.

धाकटे दीर गाड्या रंगवतात. ते बाळं बघायला आले आणि शेडमध्ये डोकावले.

"दादा, प्लाझ्मा घे. गॅस नाही, सिलिंडर नाही. वीज आणि हवा, बस्स. माझा जुना कॉम्प्रेसर पडून आहे, तो ने."

"हवेने लोखंड कापतात?"

"वहिनी तुला रोज नुसत्या बोलण्याने कापतात, तिथे कुठे गॅस लागतो?"

"भावोजी, चहा हवाय ना?" मी म्हटलं.

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. मी गेले, कारण ह्यांना दुकानदाराला नाही म्हणता येत नाही. एकदा मोजे आणायला गेले आणि छत्री घेऊन आले होते. वेल्डिंगच्या सामानाचं ते मोठं दुकान होतं. मालक गोल चेहऱ्याचा, बोलका. दर वाक्याला 'गॅरंटी' म्हणायचा, म्हणून आमच्यात त्याचं नाव गॅरंटीच पडलं.

दिरांनी आत पाऊल टाकताच सांगितलं, "माझा भाऊ आहे हा. अडतीस वर्षांचा गॅस कटर! ह्याला काही शिकवायची गरज नाही." ही फुशारकी आम्हाला केवढी महागात पडणार होती, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

गॅरंटीने तीन मशीनं दाखवली. पहिलं कपाटाएवढं. त्याला कारखान्याची वीज लागते, म्हणून ते राहिलं. दुसरं घरच्या विजेवर चालणारं, देखणं, पण किमतीला भारी. तिसरं माझ्या शिवणयंत्राच्या पेटीएवढं आणि दुसऱ्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत.

"लहान दिसतं, पण बारा मिलिमीटर कापतं. गॅरंटी!"

"कापतं का तोडतं?" मी विचारलं. कापड फाडणं आणि कापणं ह्यातला फरक मला कुणी शिकवायला नको.

गॅरंटी माझ्याकडे बघून हसला. "ताई, सहापर्यंत कापतं. बारापर्यंत तोडतं."

"आमचं काम पाचाच्या वर जात नाही," हे म्हणाले. म्हणजे लहान मशीन आम्हाला पुरणार होतं.

दुकानाच्या मागे पत्रे कापून बघायची जागा होती. नळीच्या टोकाला पिस्तुलासारखी मूठ असते, तिला टॉर्च म्हणतात. ह्यांनी काळा चष्मा लावला, टॉर्च धरला आणि घोडा दाबला. निळी ज्योत फुरफुरली आणि विझली. पुन्हा दाबला, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा पत्र्याला वाटाण्याएवढं भोक पडलं आणि तिथेच थांबलं. हे महागाच्या मशीनकडे वळले. तिथेही तेच.

गॅरंटी गोंधळला. अडतीस वर्षांच्या माणसाला काय सांगणार? "हवा कमी पडत असेल," म्हणाला आणि त्याने स्वतः टॉर्च घेऊन लहान मशीनने वीतभर पत्रा सरळ कापून दाखवला. "मशीन ठीक आहे, काका."

मशीन ठीक आहे म्हटल्यावर बिघडलं काय, ते सांगायला नको. ह्यांनी चष्मा काढून नीट घडी घालून ठेवला. गॅरंटीने दोन्ही मशीनांच्या माहितीच्या पुस्तिका माझ्या हातात दिल्या.

घरी आल्यावर हे म्हणाले, "हात गेला माझा."

"असं कसं जाईल? सकाळी तर होता."

"चेष्टा करू नकोस. शेड रिकामी करतो. पोरांचे कपडे वाळत घालायला जागा होईल." आणि त्यांनी खरंच छिन्न्या, हातोडे, काटकोन्या असं सगळं एका खोक्यात भरायला घेतलं. ते धाकट्या दिरांना द्यायचं म्हणाले. त्या खोक्यात ह्यांची अडतीस वर्षं आणि पुढची जी काही होती ती, सगळीच भरली जात होती.

दुसऱ्या दिवशी काजं-बटणं करता करता मी त्या पुस्तिका वाचायला घेतल्या. मी अक्षरं उशिरा शिकले. त्यामुळे ओळ गाळून वाचायची सवय मला कधी लागलीच नाही. शिकलेली माणसं नुसती चित्रं बघून पुस्तिका टाकून देतात. मी बोट ठेवून सगळं वाचते, 'पावसात वापरू नये' हेसुद्धा. लहान मशीनच्या पुस्तिकेत पाचव्या पानावर लिहिलं होतं: 'टोक धातूला टेकवून टॉर्च लगेच पुढे न्यावा. धातू तापण्याची वाट पाहू नये.'

मी सुई खोचून ठेवली. कालचं सगळं डोळ्यांपुढे आलं. हे टॉर्च पत्र्याच्या बोटभर वर धरून स्तब्ध उभे होते. मला वाटलं, नेम धरतायत. ते वाट बघत होते. गॅसने कापताना आधी लोखंड लाल करावं लागतं, लाल झालं की मग ऑक्सिजन सोडायचा. हे मला लग्नापासून शंभरदा ऐकवलेलं.

मी पुस्तिका घेऊन शेडमध्ये गेले. ते पान वाचून दाखवलं.

"लिहिणाऱ्याने जन्मात लोखंड कापलं नसेल," हे म्हणाले. "आमच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, टोक लोखंडाला लागलं तर तुझी बोटं तोडीन."

"मिस्त्री गॅसचे होते."

"लाल झाल्याशिवाय लोखंड कापलं जाईल कसं?"

"माझं कापड कुठे लाल होतं? कात्री टेबलाला टेकवते आणि चालवते. काल तुम्ही नुसते उभे होतात."

"मी उभा नव्हतो. थांबलो होतो."

"तेच तर! मला बघायला आलात तेव्हाही तासभर असेच बसला होतात. एक शब्द नाही. मी लाल व्हायची वाट बघत होतात."

"झालीस ना पण?"

भिंतीपलीकडून थोरलीचं हसू ऐकू आलं. लगेच एक बाळ उठलं, मग दुसरं.

दुकानात पुन्हा यायला हे तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "येतो, पण हात लावणार नाही."

"नका लावू. मी लावते."

सोमवारी गेलो. गॅरंटीने पत्रा मांडला. मी पिशवीतून शिवणकामाचा खडू काढून रेघ मारली, चष्मा लावला, टोक पत्र्याला टेकवलं आणि घोडा दाबून हात चालवला. लोखंड लोण्यासारखं कापलं जाऊ लागलं, आणि ठिणग्या खाली केरासारख्या पडायला लागल्या. मी त्याच बघत राहिले आणि अर्ध्यावर रेघ सोडून कापणी नागमोडी पळाली.

"अगं, सरळ! सरळ ने!" हे ओरडले. "रेघ काय शोभेला मारलीस? सोड, सोड तो इकडे!"

त्यांनी टॉर्च माझ्या हातातून काढूनच घेतला. टोक टेकवलं. क्षणभर खांदा अडला, ते मला दिसलं. आत कुठेतरी मिस्त्री अजून उभे होते. मग घोडा दाबला आणि हात निघाला. एक वीत, दोन विती, पत्र्याच्या कडेपर्यंत. तुकडा खण्णकन् खाली पडला. कापलेली कड इस्त्री केल्यासारखी होती.

ह्यांनी चष्मा वर केला आणि तुकड्याकडे बघत राहिले. "लाल झालंच नाही," म्हणाले, जणू कुणीतरी फसवलं होतं. मग पुन्हा चष्मा खाली घेतला आणि न विचारता गॅरंटीचे आणखी तीन पत्रे कापले.

अचानक लहान मशीन बंद पडलं. वर पिवळा दिवा लागला.

"गरम झालं," गॅरंटी म्हणाला. "हे दहा मिनिटांत चार मिनिटं काम करतं, सहा विश्रांती घेतं. म्हणून सांगतो, काका, मोठं घ्या. ते दिवसभर दमत नाही. गॅरंटी!"

हे एका लोखंडी ठोकळ्यावर बसले. चेहरा घामाने भिजलेला, पण महिन्याभरात मी तो इतका स्वस्थ बघितला नव्हता.

"दहात चार?" त्यांनी विचारलं.

"दहात चार."

"मग हेच द्या. माझंही तेवढंच आहे. ते दुसरं दमणार नाही आणि मला लाज वाटत राहील."

गॅरंटीचं तोंड उतरलं. तेवढ्यात मी विचारलं, "ह्याची टोकं झिजली की मिळतात का?" शिवणयंत्र एकदाच घ्यायचं असतं, सुया जन्मभर लागतात, हे मला माहीत. गॅरंटीने खण ओढला. लहान मशीनच्या टोकांनी खण भरलेला होता. महागाच्या मशीनची टोकं मागवावी लागत, म्हणाला, दोन महिने धरा. हे त्याने खरं सांगितलं, म्हणून पुढेही आम्ही सगळं सामान त्याच्याकडूनच घेत राहिलो.

मशीन घरी आलं त्याच दिवशी घरातला फ्यूज उडाला. मी इस्त्री लावली होती आणि ह्यांनी त्याच वेळी घोडा दाबला. मागच्या खोलीतला पंखा बंद पडला आणि बाळं एका सुरात सुरू झाली.

"बघ," हे भिंतीआडून थोरलीला म्हणाले, "माझं गप्प आहे, तुझीच रडतायत."

तेव्हापासून आमचा नेम ठरला. हे चार मिनिटं कापायचे. पिवळा दिवा लागला की शेडमधून हाक यायची, "इस्त्री!" मी सहा मिनिटं इस्त्री करायचे. हिरवा दिवा लागला की पुन्हा हाक, "काढ!" सहा मिनिटांत दोन शर्ट होतात, मन लावलं तर अडीच. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात दिवसभर भांडण चालू असतं का हो? मी म्हणायचे, हो, वेळापत्रकाप्रमाणे.

दातांच्या डॉक्टरांचा कठडा पूर्ण झाला. त्यानंतर दहा-बारा दारं झाली, जाळ्या किती ते मोजल्या नाहीत. छिन्न्यांचं खोकं काही दिरांकडे गेलं नाही. त्यांनी दोनदा विचारलंही, "दादा, ते देणार होतास ना?" हे म्हणाले, "थांब, लाल होऊ दे." जुळी मोठी झाली तशी आजोळी येऊन शेडच्या दाराशी ओळीने बसायची आणि पिवळा दिवा लागला की ह्यांच्या आधी तीच ओरडायची, "आजी, इस्त्री!"

शेवटचं काम ह्यांनी त्या दोघींसाठीच केलं, झोपाळ्याची चौकट. चारही पाय कापून, घासून भिंतीला टेकवून ठेवले. जोडणी दिरांनी केली. झोपाळा आज अंगणात आहे.

हे गेले ते जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, शाळा सुरू झाल्याच्या तिसऱ्या बुधवारी, पहाटे, झोपेत.