शेवटच्या पाळीची घागर

सिताबाईने भरलेली घागर मांडीवर घेतली, तोंडाला बांधलेलं फडकं पुन्हा आवळलं आणि तळाला लागलेले थेंब पदराने पुसले. येरमाळ्याहून उस्मानाबादला निघालेली एसटी खड्ड्यात आदळली की घागर पोटाशी येई, आणि सिताबाई तिला लेकरासारखी दोन्ही हातांनी कवटाळून धरी.

"मावशी, ठेवा की ती खाली," कंडक्टर व्यंकट म्हणाला. तो याच गाडीवर कैक वर्षं होता, वाटेवरच्या सगळ्या गावांना ओळखत होता. "पाय भरून येतील. दूध हाय का?"

"पानी हाय."

"पानी?" त्याने फडक्याला बोट लावून पाहिलं. "कुठवर?"

"बेंबळीला."

"अवो, औंदा एवढा पाऊस झालाय. बेंबळीची मानसं काय तुमच्या घागरीची वाट बघत बसलीत?"

मागच्या बाकावरचे दोघे हसले. सिताबाईही हसली, कारण व्यंकटच्या जागी ती असती तर तिनेही हेच विचारलं असतं. पण घागर तिने खाली ठेवली नाही.

"मंग तिचं अर्धं तिकीट लागंल," असं म्हणून व्यंकटने सिताबाईचं एकटीचंच तिकीट फाडलं आणि तो पुढे सरकला.

ही घागर कशाची, हे सांगायचं तर बहात्तरच्या दुष्काळापर्यंत मागे जावं लागतं. सिताबाईला तिकडे जायला आवडे. उन्हाळा वाईट होता, रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन सगळ्यांची तोंडं आंबली होती, जनावरं डोळ्यांदेखत बसत होती. तरी आता आठवायचं म्हटलं की तिला आठवे ते पारावरचं हसणं, आणि त्या हसण्याच्या वर चढणारा नवऱ्याचा दणदणीत आवाज. तेव्हा तो तरणाबांड होता आणि नुकताच सोसायटीचा चेअरमन झाला होता. महारुद्र हे त्याचं नाव गाव लवकरच विसरलं. सगळे त्याला चेअरमनच म्हणत, आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सिताबाईलाही ते सोयीचं पडलं.

सोसायटीच्या विहिरीत रात्रभर जेवढं पाझरे तेवढंच पाणी. पहिल्या बाईला नितळ मिळे, मधल्यांना गढूळ, आणि शेवटच्या बाईला चिखल. त्यावरून रोज झिंज्या उपटायची वेळ येई. शेवटी महारुद्रने पाळीच्या चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. दर सोमवारी मारुतीच्या पारावर आंधळ्या जाईबाईने मडक्यात हात घालून चिठ्ठ्या काढायच्या. तिच्यावर संशय घेण्याची सोय नव्हती.

एका सोमवारी चेअरमनच्याच बायकोची पाळी शेवटची निघाली. लोकांना केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी सिताबाई विहिरीवर पोचली तेव्हा बादलीचा तळ खडकाला घासत होता. रिकामी घागर घेऊन ती परतत होती, तेवढ्यात पुतळाबाईने तिला हाक मारली. पुतळाबाई बौद्धवाड्यातली, त्या दिवशीची पहिल्या पाळीची. तिने आपली भरलेली घागर डोक्यावरून न उतरवता सिताबाईच्या उंबऱ्यापर्यंत आणली आणि सिताबाईच्या घागरीत ओतली. सोसायटीची विहीर सगळ्यांची, असं कागदावर आधीपासून होतं. ते विहिरीवर खरं व्हायला तो उन्हाळा लागला. सिताबाईच्या सासूने आधी तोंड वाकडं केलं आणि तहान लागल्यावर निमूटपणे तेच पाणी प्यायली.

पुढच्या सोमवारी महारुद्रने पारावर उभं राहून नियमच करून टाकला. ज्याची पाळी पहिली, त्याने शेवटच्या पाळीच्या घरी एक घागर पोचवायची, आणि वाटेत कुठेही खाली टेकवायची नाही. का टेकवायची नाही, ते त्याने तिथे सांगितलं नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, घागर खाली ठेवली की माणूस विचार करायला लागतो.

मागच्या साली पुन्हा तसाच कोरडा उन्हाळा आला. सोसायटीच्या ऑफिसात बसल्या जागी महारुद्रने छाती धरली. कारखान्याच्या जीपने त्याला सोलापूरला नेलं. तिथे हृदयाच्या नळीतली रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला हलवलं. पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात अशा रोग्यांवर डॉक्टरांचा काही अभ्यास चालला होता. शेजारच्या खाटेवर त्याच दुखण्याने आलेला बेंबळीचा धुळाप्पा धनगर होता. एवढ्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला म्हणून सिताबाईला धीर आला. ती आणि धुळाप्पाची बायको म्हाळसाबाई एका फडक्यातली भाकरी खात.

चष्मेवाल्या तरुण डॉक्टरने सिताबाईला बाजूला घेऊन समजावलं. चेअरमनच्या हृदयाची नळी एका जागी अजून अरुंद आहे. मांडीतून बारीक तार घालून, तिच्यावरून फुगा आत नेऊन तो फुगवला की ती जागा मोकळी होते. पण सगळ्यांना फुगा लावत नाहीत. काहींना फुगा, काहींना नुसतं औषध, आणि कोणाला काय ते चिठ्ठीने ठरतं.

चिठ्ठी म्हटल्यावर सिताबाई समजून गेली. डॉक्टर पुढेही बराच वेळ बोलत होता आणि ती मान हलवत होती, पण तिला ऐकायची गरज वाटली नाही. चिठ्ठी कधी टाकतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं. सगळ्यांना पुरत नाही, तेव्हा टाकतात.

चिठ्ठ्या बंद पाकिटांत होत्या. महारुद्रच्या पाकिटातून फुगा निघाला. धुळाप्पाच्या पाकिटातून औषध निघालं.

फुग्याचं काम नीट पार पडलं. पण त्यानंतर महारुद्र भिंतीकडे तोंड करून पडायला लागला, कारण दुसऱ्या बाजूला धुळाप्पाची खाट होती. दवाखान्यातून निघताना त्याने धुळाप्पाला नुसता हात केला. "त्याची घागर राहिली," तो जीपमध्ये बायकोला म्हणाला. मग वर्षभर म्हणत राहिला, जेवताना, पंपाकडे जाताना, अंथरुणावर कूस बदलताना. पण विहीर कोरडी ठणठणीत होती आणि टँकरचं पाणी पहिल्या पाळीचं म्हणून कोणी नेत नसतं. महाशिवरात्र झाली, आणि एका दुपारी पुन्हा त्याची छाती भरून आली. या वेळी जीप दारात यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

यंदा विहीर काठोकाठ भरली. फुगा मिळालेला माणूस गेला, तर न मिळालेला कुठला राहायला, असं सिताबाईने धरूनच ठेवलं होतं. म्हाळसाबाईच्या उंबऱ्यावर घागर ओतायची, तिच्या गळ्यात पडायचं आणि दोघींनी मिळून रडून घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

उस्मानाबादला गाडी बदलून ती बेंबळीत उतरली आणि विचारत विचारत धनगरांच्या आळीला आली. लिंबाखाली एक माणूस पाठमोरा बसून मेंढराची लोकर कातरत होता.

"म्हाळसाबाईचं घर कुठं आलं, भाऊ? धुळाप्पाच्या घरच्या."

"म्हाळसाबाई रानात गेलीय, यील आत्ता," कातर न थांबवता तो म्हणाला. "धुळाप्पा चालंल का?"

आणि त्याने मागे वळून पाहिलं.

"आरं, वैनी! या, या. चेअरमन काय म्हनत्यात?" असं म्हणत तो उठला, आणि तेवढ्यात त्याची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली. अर्धवट कातरलेलं मेंढरू त्याच्या हातून सुटून पळालं. त्याने ते पळू दिलं.

"कवा?" त्याने हळूच विचारलं.

"शिवरात्र झाल्यावर."

त्याने डोक्याचा पटका काढून हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. धुळाप्पाचा रंग तुकतुकीत होता, दंड भरले होते. सिताबाईला राग आला. हा मेंढरं कातरतोय, हसतोय, आणि आपला माणूस मातीत गेला, असा सरळ राग. त्या रागाची तिला लाज वाटली, तरी तो ओसरला नाही.

म्हाळसाबाई रानातून आली. दोघी रडल्या, ठरवलं होतं तशा, पण एकीसाठीच. मग उंबऱ्यापाशी उभं राहून सिताबाईने विहीर, पाळी आणि पहिल्या पाळीने शेवटच्या पाळीला पोचवायची घागर, सगळं सांगितलं. "फुगा त्यांला मिळाला, तुमाला न्हाय. ते त्यांच्या मनाला लागून ऱ्हायलं व्हतं," ती म्हणाली.

धुळाप्पाने हातातला पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला.

"वैनी, फुगे कमी नव्हते."

"म्हंजी?"

"आखाडात तो चष्मेवाला डॉक्टर हितं आलता. छातीला वायरी लावून कागद काढला. म्या इचारलं, सायेब, माझ्या वक्ताला फुगे संपले व्हते व्हय? तर हसला. म्हनला, फुगे कपाटभर व्हते. पर फुगा लावल्यानं मानूस जगतो का न लावल्यानं, हेच आमाला ठावं न्हाय. ते कळावं म्हनून चिठ्ठी टाकली."

"एवढ्या मोठ्या डॉक्टरास्नी ठावं न्हाय?"

"न्हाय म्हनला. तोंडावर."

"आन आता कळलं?"

"अजून मोजत्यात म्हने."

सिताबाई उंबऱ्यावर टेकली. घागर तिच्या मांडीवरच होती. म्हणजे चेअरमनने कोणाचंच काही घेतलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडायचं कारण नव्हतं. डॉक्टर हे सगळं तेव्हाच सांगत होता आणि आपण नुसती मान हलवत होतो. तिला वाटलं, आत्ता धावत घरी जावं आणि त्याला सांगावं.

"मंग ही कुनाची?" तिने घागरीकडे पाहून विचारलं.

धुळाप्पाने घागर तिच्या हातून घेतली, फडकं सोडलं, ओंजळभर पाणी प्यायला आणि बाकीचं घरातल्या रांजणात ओतलं. मग रिकामी घागर घेऊन तो परसातल्या आडाकडे गेला. रहाटाचा आवाज आला.

"अवो, वजन उचलू नगा म्हनलंय तुमाला!" म्हाळसाबाई ओरडली.

"कुनी? डॉक्टरनं?" तिकडून धुळाप्पा म्हणाला. "त्याला तरी कुठं ठावं हाय?"

भरलेली घागर खांद्यावर घेऊन तो सिताबाईच्या पुढे चालत एसटीच्या थांब्यापर्यंत आला. थांब्यावर रिकामा ओटा होता. गाडीला उशीर झाला, त्याला धाप लागली, त्याने खांदा बदलला. पण घागर त्याने ओट्यावर ठेवली नाही, आणि सिताबाईनेही त्याला ठेवा म्हटलं नाही.

उस्मानाबादहून परतीच्या गाडीवर पुन्हा व्यंकटच होता. सिताबाईला घागरीसकट चढताना पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"काय मावशी, घेतली न्हाय का बेंबळीकरांनी?"

"घेतली. ही त्यांची हाय."

"आन ही आता कुनाला?"

सिताबाईने फडक्याची गाठ चाचपली.

"चेअरमनला," ती म्हणाली. "शेवटची पाळी त्यांची निघाली."

व्यंकट शिमग्याआधी चेअरमनच्या मातीला येऊन गेला होता. येरमाळ्याच्या अलीकडे, तिच्या वस्तीची पायवाट जिथे सुरू होते तिथे थांबा नाही. तिथे त्याने घंटी मारली, आणि सिताबाई खाली उतरून नीट उभी राहीपर्यंत घागर दोन्ही हातांनी उचलून धरली.