नागूबाईंच्या हाताची सुरी

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. तशी सुरी होऊन मला तीनच वर्षं झाली, पण त्याआधी मी कानस होते आणि लोखंड घासण्याचं ते काम मी वीसएक वर्षं केलं. माझं पातं वीतभरसुद्धा नाही. टोक बोथट आहे. एका अंगाला कानशीच्या जुन्या दातांच्या पुसट रेघा अजून दिसतात. मूठ तर अशी आहे की तुमच्यापैकी कुणी मला हातात घेतलं, तर म्हणेल, ही कुणी केली बुवा, हिचा तोलच बरोबर नाही. तुमचं म्हणणं खोटं नसेल. जिने मला घडवलं, तिने त्याआधी कधी साधा खिळासुद्धा ठोकून सरळ केला नव्हता.

कानस होते तेव्हा मी सोलापुरात विजापूर वेशीजवळ इसूफचाचांच्या दुकानात राहत होते. इसूफचाचा विळे आणि खुरपी घडवतात, लोकांच्या सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देतात. त्यांच्या हातात मी कितीतरी विळ्यांच्या कडा घासल्या. घासता घासता माझेच दात गेले. मग एक दिवस त्यांनी मला कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात मोडक्या कात्र्या होत्या, माझ्यासारख्या आणखी दोघी होत्या. तिथे हाल नव्हते. पण समोर दिवसभर काम चाललेलं असतं आणि आपल्याला कुणी उचलत नाही, हे कळत राहतं.

त्याच सुमाराला नागूबाईंचा हात मोडला. हे मी पुढे त्यांच्याच घरी ऐकलं. नागूबाई एका शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवतात. ओल्या पायरीवरून घसरून त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट जुळलं, पण जरा वाकडं जुळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण मिटेना. भाकरी थापता यायची, पातेलं उतरवता यायचं, पण सुरीची बारीक मूठ हातात ठरत नसे. खाली बसून विळीवर चिरणं त्यांनी गुडघ्यांमुळे आधीच सोडलं होतं.

प्लास्टर निघाल्यावर त्या कामावर गेल्या. पहिल्याच आठवड्यात कांदा चिरताना सुरी हातात फिरली आणि डाव्या तळव्यात घुसली. त्यांनी हाताला पदर गुंडाळला आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्या जोडीला सिद्धेश्वरी नावाची दुसरी स्वयंपाकीण आहे. तिने ते पाहिलं, आणि त्या दिवसापासून नागूबाईंच्या वाटणीची भाजी तीच गुपचूप चिरू लागली. पण दोनशे मुलांचं चिरणं एकटीने उरकायचं म्हणजे खिचडीला उशीर होणारच. मुख्याध्यापिका बाईंच्या ते लक्षात आलं. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी नागूबाईंना बोलावून सांगितलं, "मावशी, दिवाळीच्या सुटीपर्यंत बघू. तोवर चिरणं जमलं नाही, तर मला दुसऱ्या कुणाला तरी घ्यावं लागेल. मुलांना वेळेवर जेवायला मिळायला हवं."

नागूबाईंनी घरी हेही सांगितलं नाही. सांगितलं ते सिद्धेश्वरीने, त्यांच्या लेकीला.

लेकीचं नाव धम्मप्रिया. ती टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात काम करते. एकही सुटलेला धागा तिच्या नजरेतून निसटत नाही. तिने बाजारातून दोन-तीन सुऱ्या आणून पाहिल्या. मुठीला कापड गुंडाळून पाहिलं. कापड ओलं झालं की तेही फिरायचं. शेवटी रविवारी विहारातली वंदना आटोपून ती इसूफचाचांच्या दुकानात आली.

"चाचा, आईच्या हातात बसेल अशी सुरी करून देता का?"

"हात कसा मिटतो तिचा? दाखव."

धम्मप्रियाने आपला हात तसा करून दाखवला. चाचांनी पुन्हा दाखवायला सांगितलं, तर तो जरा वेगळाच झाला. चाचा हसले.

"बेटी, पातं मी अर्ध्या दिवसात देतो. पण मूठ? आयुष्यभर मुठी बसवल्या मी, सगळ्या एकसारख्या. तुझ्या आईचा हात रोज तू बघतीस. तूच कर की."

"मला कुठं येतंय?"

"मला बी येत नव्हतं. सुटीच्या दिवशी ये. भट्टी हाय, ऐरण हाय, मी हाय."

असं म्हणून त्यांनी डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढलं.

त्यांनी मला भट्टीत लालभडक केलं आणि राखेत पुरून ठेवलं. हळूहळू निवले तशी मी मऊ पडले. मग दुसऱ्या कानशीने मला घासायचं काम धम्मप्रियाने सुरू केलं. जे मी आजवर दुसऱ्यांवर करत आले, ते आता माझ्यावर होत होतं. सांगायला हरकत नाही, ते काही सुखाचं नसतं. तिला तरी कुठे सुखाचं होतं? पहिल्या रविवारी तिच्या तळहाताला फोड आले. दुसऱ्या रविवारी ते फुटले. चाचा मधून मधून येऊन बघायचे, "हितं जास्ती गेलंय, आता थांब," एवढंच म्हणायचे. तिच्या हातातून त्यांनी मला एकदाही काढून घेतलं नाही.

तिला फोनवर एक ग्रुप सापडला होता. घरच्या घरी सुऱ्या घडवणारी गावोगावची माणसं त्यात होती. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी बँकेतलं. बार्शीचे महेश्वर नावाचे एक गृहस्थ कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करत आणि सुटीत पाती घडवत. धम्मप्रिया दर रविवारी माझा फोटो टाकायची. उत्तरं यायची, "पाठ सरळ आलीय, छान," किंवा "धारेकडून अजून थोडं काढा." न पाहिलेल्या माणसांचे हे शब्द ती कारखान्यात जेवणाच्या सुटीत पुन्हा पुन्हा वाचायची.

आणि मग ती घाईला आली. दिवाळी जवळ येत होती. त्या रविवारी चाचांना लग्नासाठी दुधनीला जायचं होतं. त्यांनी तिला किल्ली दिली आणि बजावलं, "घासायचं काम कर. पाणी द्यायचं काम मी आल्यावर." पाणी देणं म्हणजे पातं तापवून झटकन थंड करणं. त्याने पोलादाला कणखरपणा येतो. पण धम्मप्रियाला एक आठवडा वाया घालवायचा नव्हता. तिने चाचांना विळे पाण्यात बुडवताना पाहिलं होतं. तिने भट्टी पेटवली, मला लाल केलं आणि पाण्याच्या बादलीत सोडलं.

टिंग असा बारीक आवाज झाला. माझ्या टोकाकडून एक फट वर चढली होती.

तिने भट्टी विझवली. मग तिने माझा फोटो काढून ग्रुपवर लिहिलं, "सुरी फुटली. चूक माझीच. हे माझं काम नाही. सगळ्यांचे आभार, ग्रुप सोडते."

ती ग्रुप सोडणार, तोवर एक फोटो आला. महेश्वर यांचा होता. फोटोत एका सुरीचे दोन तुकडे होते. खाली लिहिलं होतं, "ही माझी पहिली. दुसरीही अशीच गेली." त्यामागे दुसऱ्या कुणाची तरी केळ्यासारखी वाकलेली सुरी आली. मग एकीची, मूठ जळून गेलेली. फोटो येतच राहिले. कुणी उपदेश केला नाही. थोड्या वेळाने महेश्वर यांनी विचारलं, "फट कुठवर आहे? पट्टी ठेवून दाखवा." तिने दाखवली. "मागचं पातं शाबूत आहे. पुढचं दोन बोटं घासून काढून टाका. कानशीचं पोलाद पाण्याचा धक्का सोसत नाही, तेल वापरा. आईंना लांबच सुरी हवी आहे का?"

हे तिने आईला कधी विचारलंच नव्हतं. घरी जाऊन विचारलं. नागूबाई कणीक मळत होत्या.

"लांब कशाला पायजे? लांब असली की फिरतीया हातात. पर तू ह्या भानगडी सोड आता. बोटं बघ तुजी, कशी सोलल्यात."

धम्मप्रियाचं बोटांकडे लक्ष नव्हतं. ती आईच्या मुठीकडे बघत होती. "आई, हा गोळा घट्ट धर. सुरी धरल्यासारखा."

"कशाला?"

"धर तर."

नागूबाईंनी धरला. गोळ्यावर तीन बोटं खोल उमटली, दोन नुसती टेकली. धम्मप्रियाने तो गोळा तसाच खिडकीत वाळत ठेवला. घरात नागूबाई दोन दिवस म्हणत राहिल्या की मुंग्या लागतील, आणि लागल्याही.

चाचा परत आले तेव्हा तिने स्वतःच सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. फट बोटाने चाचपून म्हणाले, "किल्ली मी दिली, म्हणजे अर्धी चूक माझी." त्यांनी धार लावायच्या चाकावर माझं टोक काढायला तिला शिकवलं. मला पुन्हा राखेत पुरलं आणि मऊ केलं. पोलाद पुरेसं तापलं की त्याला चुंबक चिकटत नाही, म्हणून पुढच्या खेपेला चुंबक चिकटेनासं होईपर्यंतच तापवलं आणि कोमट करडईच्या तेलात सोडलं. दोघेही श्वास धरून ऐकत होते. कसलाच आवाज आला नाही. मग कणखर झालेलं पातं ठिसूळ राहू नये म्हणून चाचांच्या सुनेच्या, आफरीनच्या, केकच्या ओव्हनमध्ये मी दोन तास बसले. महेश्वर यांनी कळवलं होतं, "रंग वाळलेल्या कडब्यासारखा आला की काढा." तसाच आला.

मूठ बाभळीची केली. खिडकीतला तडकलेला गोळा समोर ठेवून धम्मप्रियाने ती कोरली. जिथे तीन बोटं खोल गेली होती तिथे खोल, जिथे दोन नुसती टेकली होती तिथे फुगीर, म्हणजे न मिटणाऱ्या बोटांनाही काहीतरी धरायला मिळावं.

नागूबाईंनी मला हातात घेतलं, एकेक बोट मुठीवर बसवून पाहिलं. मग म्हणाल्या, "येवढं करून न्हाई जमलं तर?"

"तर दुसरी करीन."

दिवाळीच्या सुटीला चार दिवस उरले होते. मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा पाटावर कांद्यांचा ढीग होता आणि दारात मुख्याध्यापिका बाई उभ्या होत्या. खरं सांगते, मला भीती वाटत होती. पहिला कांदा फार सावकाश झाला. दुसराही. दहाव्या-बाराव्या कांद्याला नागूबाईंची पकड सैलावली, आणि पकड सैलावूनही मी फिरले नाही. कांदे झाले, बटाटे झाले. भोपळा मात्र जमला नाही. त्याला जोर लागतो आणि तो जोर त्या मनगटात आता नाही. सिद्धेश्वरीने भोपळा स्वतःकडे ओढला.

"भोपळा माज्याकडं, कांदा-बटाटा तुमच्याकडं. झालं की."

त्या दिवशी खिचडी वेळेवर झाली. बाईंनी मला उचलून उलटसुलट पाहिलं. "कुणी केली ही?"

"माज्या लेकीनं," नागूबाई म्हणाल्या. दुसरी बाई घेण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढची अडीच वर्षं माझी भरभराटीची होती. ग्रुपवर माझा फोटो गेला, कौतुक झालं. इसूफचाचांनी एकदा मला तासभर दुकानात ठेवून घेतलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवलं. धम्मप्रियाने त्या काळात आणखी सात सुऱ्या घडवल्या. प्रत्येक आधीच्यापेक्षा सरळ आली. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही, पण तिच्या हातात नवं पातं असलं की मी तिकडे बघायचं टाळत असे.

यंदाच्या उन्हाळ्यात शाळेच्या शेवटच्या दिवशी आवराआवरीच्या गडबडीत मी मोरीजवळच्या घमेल्यात, ओल्या घासणीखाली राहून गेले. कुलूप लागलं. दीड महिना मी तशीच पडून होते. मी साध्या पोलादाची. बाजारातल्या चकचकीत सुऱ्यांसारखं मला पाणी सोसत नाही. जूनमध्ये सापडले तेव्हा पात्याचा रंग विटेसारखा झाला होता.

धम्मप्रियाने मला पाहिलं आणि म्हणाली, "आई, ही आता गेली. तुला नवी देते." तिने खरोखरच देखणी सुरी केली. आरशासारखं पातं, गुळगुळीत मूठ. नागूबाईंनी ती आठवडाभर वापरली आणि मग सिद्धेश्वरीला देऊन टाकली.

"का गं?" धम्मप्रियाने विचारलं. तिला ते लागलं होतं.

"दिसायला लई चांगली हाय. पर आपुन तिला धरायचं, ती काय आपल्याला धरत न्हाई."

मग दोन दुपारी नागूबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख लावून त्यांनी मला घासलं, त्याच वाकड्या हाताने. धम्मप्रिया म्हणाली, "दे, मी मशीनवर करते." त्या नको म्हणाल्या. "तू केलीस ती केलीस. इसरले मी हुते." गंज गेला. काही खड्डे राहिले, ते राहणार. शेवटी त्यांनी तेलाचं बोट पात्यावरून फिरवलं.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. काम झालं की मला आणि माझ्यासारख्यांना पुसून कोरडं ठेवा. तुमच्या घरात कुणी काही पहिल्यांदाच घडवत असेल, तर ते वाकडं आलं म्हणून हसू नका. आणि ज्याच्यासाठी घडवायचं, त्याला काय हवं ते आधी विचारा. आमच्या धम्मप्रियाने ते उशिरा विचारलं, पण विचारलं.

आता शाळा सुरू झाली आहे. कांदे सोलून झालेत, आणि नागूबाईंनी हात पुसून माझ्याकडे वळवला आहे. मला गेलं पाहिजे.