काचनळीतलं पाणी

बॉयलरचालकाच्या परीक्षेत दोनदा आपटल्यापासून धुलाई कारखान्यात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो ते हसून घ्यायचा. आता तिसऱ्या खेपेला पुस्तक चार वेळा वाचून झालं होतं, पानंच्या पानं पिवळ्या पेनाने रंगली होती. आपल्या सुटीच्या दिवशी दुपारी ती मेहनत दाखवायला तो मोठ्या बहिणीकडे गेला.

ताई शाळेत शिकवायची. तिने पानं चाळली आणि विचारलं, सगळंच रंगवलंयस, मग यात महत्त्वाचं काय? मास्तर पानं पुढेमागे उलटू लागला. तेव्हा तिने आपली रीत सांगितली. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथं घालायचं आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगायचं. दर वाक्याला विचारायचं, हे आपल्या कामावर कुठे दिसतं?

पहिला परिच्छेद त्याने घडाघडा म्हणून दाखवला. हे पुस्तकाचं झालं, तुझं सांग, असं ताई म्हणाली आणि मास्तर अडखळला. पण हळूहळू जमायला लागलं. तिसऱ्या पानावर काचनळी आली, बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते बाहेरून दाखवणारी उभी नळी. बॉयलर चालू असताना तिच्यातलं पाणी सारखं थोडं वरखाली होत असतं, असं त्याने सांगितलं.

"तुमच्याकडे होतं?"

"छे गं. आमचं अर्ध्यावर ढिम्म उभं असतं. महिना झाला असेल. एकदम शहाणं..."

त्याने पालथं पुस्तक सुलटं केलं. पुढचंच वाक्य पिवळं होतं, खाली पेन्सिलीची रेघसुद्धा होती: पाणी अजिबात हलत नसेल तर नळीचा मार्ग तुंबलेला असतो आणि दिसणारी पातळी खोटी असते. त्याने ते चार वेळा वाचलं होतं.

ताईने काही विचारायच्या आत तो चपला घालून बाहेर पडला होता. कारखान्यात पाळीवर असलेल्या जोडीदाराला फोन लावला, पण बॉयलरच्या आवाजात तो कुणाला ऐकू जाणार? दहा मिनिटांत सायकल हाणत तो कारखान्यात पोचला. जोडीदार डबा उघडून बसला होता. आज काय काढलंत मास्तर, असं त्याने हसत विचारलं. मास्तरने नळीखालची तोटी उघडली. नळीतलं पाणी भसकन निघून गेलं. तोटी बंद केली, तरी नळी भरेना. कोरडीच राहिली.

"पंप कधी चालला होता?"

जोडीदार आठवू लागला. बॉयलरला पाणी देणारा पंप आपोआप चालायचा, त्यामुळे कुणी लक्ष देत नव्हतं. सकाळपासून आवाज ऐकल्याचं त्याला आठवेना. तो घाबरून पंपाच्या बटणाकडे धावला. मास्तरने त्याचा हात धरला.

"पाणी सोडू नकोस. आतल्या तापलेल्या नळ्यांवर गार पाणी गेलं तर सगळं फुटेल. आधी आग बंद कर."

आग बंद झाली. मॅनेजर तावातावाने आला, इस्पितळाच्या चादरी संध्याकाळी द्यायच्या होत्या. मास्तरने त्याला कोरडी नळी दाखवली, तसा तो भिंतीपलीकडे चादरींच्या घड्या घालणाऱ्या बायकांना स्वतःच घरी पाठवून आला.

दोन दिवसांनी थंड बॉयलर उघडला. ज्या गाळाने काचनळी तुंबली होती, त्याच गाळात, पाणी घटलं की पंप चालू करणारा तरंगता फ्लोट अडकला होता. आतल्या वरच्या ओळीतल्या नळ्या पाण्याबाहेर उघड्या पडून निळ्याकाळ्या झाल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "अजून पाव तास टिकला असता, फार तर."

मास्तर तिथून भिंतीपलीकडच्या घडीच्या जागेपर्यंत चालत गेला.

त्या वर्षी तो पास झाला, चांगल्या गुणांनी. पेढे वगैरे काही वाटले नाहीत. घडीवाल्या बायकांनी अभिनंदन केलं, आणि त्या दिवशी अचानक सुटी कशी काय मिळवून दिलीत म्हणून चेष्टाही केली. त्या बसायच्या ती जागा बॉयलरपासून सात पावलांवर होती. त्याने ती मोजली होती. त्यांना मात्र त्याने कधीच काही सांगितलं नाही.