समुद्राचा फोन

ऐक मोना, मधी मधी बोलू नको, नुसतं ऐक. भजी खा, पण कान हिकडं ठेव. आमच्या समोरची संघप्रिया वहिनी तुला ठाऊक हाय न्हवं? मंगळवार पेठेत आमच्या दारासमोर फॉल-पिकोचं दुकान हाय बघ, तीच. कधी चढ्या आवाजात बोलत न्हाय बिचारी. आणि त्या बाईनं नाताळच्या सुट्टीत असं काय केलं की तवापासनं त्यांच्या घरात दोन पार्ट्या पडल्यात. भांडण न्हाय गं, कोण कुणावर ओरडलं पण न्हाय. पण मला वहिनीनं सगळं सांगितल्यापासनं माझ्या डोक्यातनं जाईना झालंय.

तर या बाईनं समुद्र बघितलेला न्हाय. खरंच! पेठ वडगावचं माहेर, कोल्हापूरचं सासर, चौतिशीला आली, आणि समुद्र न्हाय. सातवीत शाळेची सहल मालवणला निघालती, तर हिला नेमक्या कांजिण्या. लग्नानंतर नवऱ्यानं महाबळेश्वरला नेली, तिथं कुठला समुद्र? मग शिवानी झाली, मग आर्यन झाला. आणि आर्यनला गाडी लागती.

गाडी लागती म्हणजे साधीसुधी न्हाय. आजऱ्याला नणंदेकडं जायचं म्हटलं तरी वहिनीच्या पिशवीत आधी काय जातंय? प्लास्टिकच्या पिशव्या. मग लिंबू, ओवा, आल्याच्या वड्या, दोन टॉवेल, पोराचे तीन ड्रेस, आणि मग जागा उरली तर भाकरी-चटणी. वहिनी म्हणती, सहल म्हणजे बाकीच्यांना घरातनं बाहेर पडणं, आणि मला घरच चाकावर घालून न्यायचं. आणि एवढं करून पोरांच्या ध्यानात काय राहतंय म्हणशील? पन्हाळ्याला नेलं, तीन दरवाजा दाखवला, तटबंदी दाखवली, इतिहास सांगून नवऱ्याचा घसा बसला. घरी येऊन आर्यन आजीला सांगतोय, "आजी, तिथं एक शेळी हाय, ती आईची ओढणी खाती." झाला पन्हाळा!

पण समुद्राचं वहिनीनं मनात एक चित्रच करून ठेवलंतं. एका हाताला शिवानी, एका हाताला आर्यन, चपला लांब काढून ठेवलेल्या, आणि पहिली लाट तिघांच्या पायावर एकदमच यायची. आता तू म्हणशील, टीव्हीत रोज दिसतोय की समुद्र. व्हय, दिसतोय. पण वहिनी म्हणती, तो कुणाचातरी समुद्र. आपली माणसं ज्यात उभी हायत तो आपला, आणि तो पहिल्यांदा एकदाच बघता येतो.

याच्या आधी दोनदा निघालती ही मंडळी. एकदा वाटेतल्या कळे गावातनं परत, एकदा त्याच्या पुढच्या असळजातनं परत. पोरगं पांढरंफटक, गाडीत वास, आणि नवरा काच खाली करून गाडी माघारी वळवतोय. यंदा आर्यन सहा वर्षांचा झालाय, डॉक्टरनं गोळी दिलीया, आणि नवऱ्यानं, धम्मपालभाऊनं गं, आयटीआयला शिकवत्यात ते, त्यांनी सेकंडहँड का असंना पण मोठी गाडी घेतलीया. म्हटलं, आता देवगड. सासूबाई, सोनूबाई, वहिनी त्यांना आत्या म्हणती, त्यापण तयार. साठी उलटलीया, त्यांनीबी समुद्र बघितलेला न्हाय. शिवानीनं तर आठ दिवस आधीच गोल टोपी आणून ठेवलेली, पिवळी, काठाला फुलं. घरात घालून फिरायची.

सकाळी अंधारात निघाली. फुलेवाडी गेली, कळे गेलं, आर्यन झोपलेला. वहिनी श्वास धरून बसलेली, खड्डा आला की तिचाच जीव वर. असळज गेलं तरी पोरगं झोपलेलंच! सोनूबाई म्हणल्या, "गुण आला बग गोळीचा." म्हणायला नको होतं. गगनबावडा दोन वळणांवर आलं आणि पोरगं उठलं ते तोंडावर हात धरूनच.

एक पिशवी, दुसरी पिशवी. बावड्यात गाडी थांबवली तवा आर्यनच्यात उभं राहायचा पण जीव न्हाय. म्हणतोय, "आई, मला आता गाडीत घालू नको. मी चालत घरी जातो." आणि खाली करूळ घाट उतरायचा पडलाय सगळा, वळणावर वळणं.

धम्मपालभाऊ म्हणले, "चला, फिरा माघारी. नशिबातच न्हाय."

सोनूबाई म्हणल्या, "व्हय बाबा. पोराच्या जिवापेक्षा मोठा हाय काय समुद्र?"

आणि शिवानी? रडली न्हाय, आपटली न्हाय. नऊ वर्षांची पोरगी, तिनं नुसती डोक्यावरची टोपी काढली, घडी घातली आणि पिशवीत तळाला ठेवली. मागच्या दोन वेळचा सराव होता न्हवं तिला.

वहिनी म्हणती, ती रडली असती तर मी समजूत काढली असती आणि परत आलो असतो. ती घडी बघवंना.

"अहो, तुम्ही तिघं जावा," वहिनी म्हणली. "मी आर्यनला घेऊन हिथं थांबतो. येताना घेऊन जावा आम्हाला."

"डोकं फिरलं काय? दिवसभर हिथं? मी थांबतो, तू जा."

"आणि गाडी कोण चालवणार? आत्या?"

सोनूबाई म्हणल्या, "मला बैलगाडी येतीया." सगळी हसली, आर्यन सुद्धा, आणि हसण्यातच ठरून गेलं. निघताना धम्मपालभाऊ काचेतनं म्हणले, "प्रिया, पुढच्या खेपेला नक्की हं." वहिनी म्हणली, "व्हय व्हय, सावकाश जावा." शिवानी मागच्या काचेतनं हात हलवत होती. टोपी परत डोक्यावर.

गाडी वळणाआड गेली आणि मग वहिनीच्या लक्षात आलं, की आता संध्याकाळपर्यंत आपल्याला काही काम न्हाय.

घाटाच्या तोंडाला एक टपरी हाय चहाची. टपरीवाल्या मावशी चिमणाबाई, एकदम मोठ्या आवाजाची बाई. "या पावणं! उतरवलं काय पोराला? बसवा हितं. कोकम सरबत देतो, गोड न्हाय, खारं." आर्यननं घोटभर घेतलं, बाकड्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडला, आणि घंटाभरात उठला तो भूक लागली म्हणूनच. कोवळं ऊन, गार वारा, खाली कोकण सगळं निळंनिळं. भाकरी खाल्ली, दगडावर दगड रचले, पडले, परत रचले. वरनं जाणाऱ्या ट्रकला हात केला की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, तो एक खेळ झाला. मग त्यानं आईकडं बघितलं आणि इचारलं, "आई, आज तुला काय काम न्हाय व्हय?"

"न्हाय."

"मशीन पण न्हाय?"

"मशीन पण न्हाय."

"मग तू रोज हितंच का बसत न्हाईस?"

वहिनीला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं. एवढ्या सहली केल्या, रंकाळा काय, पन्हाळा काय, प्रत्येक ठिकाणी हिचा हात पिशवीत. कुणाचं पाणी, कुणाचा रुमाल, कुणाची चप्पल. पोरगं गप्पा मारतंय आणि ही "हं, हं" करतीया. आज पहिल्यांदा आर्यन बोलत होता आणि ती ऐकत होती. कधी न्हवं ती त्याच्याकडं नीट बघत होती. त्याच्या हनुवटीवर तीळ हाय, डाव्या बाजूला, ते तिला तिथं कळलं बघ. आईला!

आणि तेवढ्यात फोन वाजला. धम्मपालभाऊंचा, व्हिडिओ कॉल.

वहिनीनं फोन हातात घेतला, आणि एका सेकंदात तिला सगळं समजलं. पोचली असणार. शिवानी पाण्यात उभी असणार, टोपी घालून, आणि म्हणणार, आई बघ. हिरव्या बटणाला बोट लावायचं, की आलाच समुद्र. तळहाताएवढा. काच चरे पडलेली, ऊन पडलं की धड दिसत न्हाय असा.

तिनं बोट लावलं न्हाय.

"आई, फोन," आर्यन म्हणला.

"वाजू दे."

"पप्पाचा हाय."

"व्हय."

वाजून वाजून बंद झाला. परत वाजला, परत बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तवा चिमणाबाई कढईवरनं मान वर करून म्हणल्या, "पावणं, भांडून आलाय काय?" वहिनीनं मानेनंच न्हाय म्हणलं. तिला वाटलं, सगळं तर दिलं की मी. पोरगीला समुद्र दिला, आत्यांना दिला, पोराला हितं मोकळा वारा दिला. एवढं एक पहिल्यांदा बघणं माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. त्यात कुणाचं काय जातंय? पण तिकडं घोर लागायला नको म्हणून तिनं मेसेज टाकला: आर्यन बरा हाय, खेळतोय, जेवला. आणि फोन पिशवीत ठेवून दिला.

पण मोना, जात होतं गं कुणाचंतरी.

ऊन कलायच्या वक्ताला गाडी वर आली. सोनूबाई उतरल्या त्या लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, केसात वाळू, आणि चेहरा लहान पोरीसारखा. शिवानी मात्र उतरलीच न्हाय. वहिनी आर्यनला पुढं बापाजवळ बसवून मागं तिच्या शेजारी बसली, तर पोरगी काचेकडं तोंड करून बसलेली.

"काय झालं गं, मजा न्हाय आली?"

"मी तुला दाखवत होतो," शिवानी म्हणली. "पप्पांचा फोन वर धरून धरून माझा हात दुखला. मला वाटलं लाट येईल तवाच तू उचलशील. तू उचललाच न्हाईस."

गाडी सुरू करता करता धम्मपालभाऊ आरशातनं म्हणले, "अगं बाई, बावड्यात कुठली रेंज असती? मेसेज जातोय कसातरी, व्हिडिओ कुठला लागतोय! व्हय का न्हाय गं प्रिया?"

बघ आता. नवऱ्यानं ताटात वाढून दिलंतं. नुसतं "व्हय" म्हणायचं. एक शब्द. पोरगी शांत, नवरा शांत, दिवस गोड. वहिनी म्हणती, "व्हय" अगदी जिभेवर आलंतं. पण शिवानीनं काचेवरनं तोंड फिरवलं आणि तिच्याकडं बघितलं. आणि ज्या पोरीनं सकाळी न बोलता टोपीची घडी घातली तिला खोटं सांगायला हिचं तोंड उघडंना.

"रेंज होती," वहिनी म्हणली. "फोन हातातच होता माझ्या. मला समुद्र पहिल्यांदा फोनमधी बघायचा न्हवता, शिवानी. मला तुझा हात धरून बघायचाय."

आर्यन पुढनं म्हणला, "मी सांगितलंतं, पप्पाचा हाय म्हणून."

शिवानीनं इचारलं, "मग मी शूटिंग काढलंय ते पण बघणार न्हाईस?"

"न्हाय गं सोन्या."

पोरगीनं बापाचा फोन घेतला होता तो बंद केला आणि पुढच्या सीटवर टाकून दिला. कळ्यापर्यंत काचेकडंच तोंड. कळ्यात तिचा डोळा लागला आणि डोकं आपोआप आईच्या खांद्यावर आलं. पण ते झोपेतलं, त्याचं काय धरायचं?

तर त्या दिवसापासनं दोन पार्ट्या. धम्मपालभाऊ म्हणत्यात, "बघायचा की गं, पोरगीचं मन राखायचं. न्हाय तर न्हाय, मी रेंजची सबब दिलीती ती तरी घ्यायची!" आणि सोनूबाई, तुला वाटंल सासू म्हणजे पोराची बाजू घेणार, तर छे! त्या म्हणत्यात, "बरं केलंस पोरी. मी या वयात गेलो आणि पाण्यापुढं उभी राहून ढसाढसा रडलो. आधी कुणी मला डबीत दाखवला असता, तर रडलो असतो व्हय?"

आणि शिवानीचं ऐक. आता गल्लीत सगळ्यांना समुद्र सांगत फिरती. लाट मागं जाताना पायाखालची वाळू कशी ओढून नेती, आजी कशी बसकण मारून पडली, सगळं हात करून दाखवती. मलाच तीनदा सांगितलंय. पण वहिनी दारात आली रे आली की गप्प. परवा माझ्यासमोरच झालं. मी म्हणलं, सांग की पुढं, तर म्हणती, "आई गेल्यावर. तिला बघायचाय."

आता ती अजून रुसलीया म्हणून गप्प बसती, का आईसाठी राखून ठेवती, ते वहिनीला पण कळंना आणि मला पण कळंना. वहिनी पिको करता करता मला इचारती, "माझं चुकलं काय गं?" मी काय सांगणार, मला ना पोरं ना बाळं. म्हणून तुला इचारतोय मोना, तुला दोन हायत. वहिनीच्या जागी तू असतीस, धम्मपालभाऊंनी आरशातनं "रेंज न्हवती न्हवं?" म्हटलं असतं, आणि पोरगी तोंडाकडं बघत असती, तर तू काय म्हणली असतीस?