फुग्याखालचा हात

देवानं जीभ सगळ्यांना सारखीच दिली, पण दादाच्या वाट्याला अंमळ लांब आली होती. धाकटी बहीण चित्रकथेचं पुस्तक काढत होती, आईबाबांच्या संसारावरचं. त्यातले संवाद दादाचे. पांढऱ्या कागदाचे फुगे कापायचे, सुबक अक्षरात बोलणं लिहायचं आणि डिंकाने चित्रावर चिकटवायचं, ही त्याची पद्धत.

शेवटचं पान आलं. भांडणानंतरची सकाळ, बाबा आईला चहा देताहेत. दादाने तळहाताएवढा फुगा चिकटवला : ‘तुझ्याविना माझं आयुष्य म्हणजे ओसाड रान गं!’

बहिणीने कपाळावर हात मारला. “अख्खं चित्र झाकलंस!”

“अगं, वाचकाला कळायला नको? दोघं काय मुकेच बसणार?”

“हो. हा फुगा राहणार असेल तर माझं नाव काढ पुस्तकावरून.”

दादाने डिंकाची बाटली खाली ठेवली. दोन वर्षं एका टेबलाशी बसून केलेलं काम, एका फुग्यापायी जाणार? पण लगेच माघार घेईल तर तो दादा कसला! “आईबाबांना विचारू. ते म्हणतील ते.”

स्वयंपाकघरात बाबांनी चष्मा चढवून पान वाचलं, नि त्यांना ठसकाच लागला. “हे मी बोललो?”

“तुम्ही?” आई म्हणाली. “चाळीस वर्षांत ‘मीठ कमी आहे’च्या पुढे गाडी गेलीय का तुमची?”

दादाचा चेहरा पडला. आईने फुग्याची कड नखाने हळूच उचलली. डिंक अजून ओला होता. खाली बाबांचा हात निघाला. तापलेला कप त्यांनी उघड्या तळव्यात धरला होता आणि कपाचा कान आईकडे वळवला होता.

“अगंबाई!” आई म्हणाली. “हे कसं गं टिपलंस?”

“रोज तर बघते.”

दादाही रोज तिथेच बसायचा. बोलत.

बाबांनी हात टेबलाखाली लपवले. “तिला चटका बसला की दिवसभर कटकट. म्हणून आपलं...”

“म्हणून चाळीस वर्षं!” आई हसता हसता डोळे पुसू लागली.

दादाने फुगा पुरता सोलून चुरगळला. “बाबा, कप देताना काही म्हणता का हो?”

“‘गरम आहे’ म्हणतो.”

दादाने नखाएवढा फुगा कापला, तेवढे दोनच शब्द लिहिले आणि बहिणीपुढे धरला. “तूच चिकटव. जागा तुला कळते.”

तिने तो एका कोपऱ्यात बसवला. “अक्षर काय सुरेख आलंय रे!”

“आलंय ना? मग थोडा मोठा फुगा घेऊन—”

“दादा!” तिघंही एकदम ओरडले.